तीन वर्षं ओला राहिलेला रंग

त्या बागेला फेरी मारायला निघालेला माणूस चपलेत पाय नीट सरकेपर्यंत परत फाटकाशी आलेला असायचा. एका अंगाला बँकेची उंच, बिनखिडक्यांची भिंत, दुसऱ्या अंगाला दातांचा दवाखाना, तिसऱ्या अंगाला जुनी चार मजली इमारत, जिच्या तळघरात शिवणकामाचा कारखाना चालायचा, आणि समोर बसगाड्यांचा रस्ता. या सगळ्यांनी आपापली कोपरं ऐसपैस पसरल्यावर मधे जी जागा उरली, ती बाग. एक डेरेदार झाड, सहा वाफे, एक नळ, अवजारांची खोली आणि चार बाकं. लोक तिला रुमाल म्हणायचे. "संध्याकाळी रुमालात भेटू," असं एकमेकांना सांगायचे आणि ऐकणारा नवखा असला तर त्यांच्याकडे बघत राहायचा.

या रुमालाचा माळी गेली एकोणीस वर्षं एकच. त्यांना सगळे मामा म्हणायचे. चार वर्षांची पोरंही मामा म्हणायची आणि ऐंशीचे आजोबाही मामाच म्हणायचे. उंची बेताची, मिशी अंगापेक्षा मोठी आणि आवाज असा, की नाटकाला शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाचेही पैसे वसूल व्हावेत. रात्री आठला बाग बंद करताना ते घंटा वाजवायचे आणि "चला मंडळीऽऽ" अशी आरोळी ठोकायचे. दवाखान्यात खुर्चीवर आडवा पडलेला पेशंटही त्या आरोळीने अर्धा उठायचा, म्हणतात.

इथे येण्याआधी मामांनी सहा वर्षं शहराबाहेरच्या मोठ्या बागेत काढली होती. तिथे अकरा माळी, गवत कापायला यंत्र, मधे कारंजं. सगळं काही भव्य. पण त्या सहा वर्षांत त्यांना कुणी हाक मारली नाही. फारच नड पडली तर "ए, पाणी" एवढंच. मग बदली होऊन रुमालात आले, आणि पहिल्याच सकाळी शेजारच्या कचेरीतला लिफ्टमन कामावर जाता जाता फाटकाशी थांबून म्हणाला, "काय मामा, नवीन वाटतं?" त्या एका वाक्याने ते मामा झाले. माणसाला हाक मिळाली की त्याचा पाय त्या जागेत रुजतो. मामांचा असा रुजला, की चार वर्षांवर आलेली निवृत्ती इथेच घ्यायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आता बाकांचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ बाकांचाच आहे. चारांपैकी एक फाटकाजवळ. त्यावर बसलं की बसचा धूर थेट नाकात. दुसरं नळाशी, तिथे पाय कायम चिखलात. तिसऱ्याची मधली फळी गेलेली. त्यावर बसणाऱ्याला आपण बसलोय की अडकलोय तेच कळायचं नाही. राहिलं चौथं. झाडाखाली, बँकेच्या भिंतीला समांतर. सकाळी आठला त्यावर कोवळं ऊन यायचं, दुपारी एकला गार सावली असायची, आणि मागची भिंत अशी, की तिच्यापुढे केलेला आवाज गोल होऊन परत यायचा. साहजिकच सगळ्या रुमालाला ते एकच बाक हवं असायचं. बँकेत काम घेऊन आलेली, टोकनचा नंबर लागायची वाट बघणारी माणसं सकाळपासून त्यावर पसरून बसायची ती उठायचीच नाहीत.

तीन वर्षांपूर्वी खात्याकडून हिरव्या रंगाचा एक डबा आला. मामांनी चौथं बाक रंगवलं आणि पत्र्याची पाटी टांगली: 'रंग ओला आहे'. रंग वाळला, पाटी काढायची मामा विसरले. दोन दिवस बाक रिकामं. तिसऱ्या दिवशी दुपारी एकला तळघरातल्या कारखान्यात काजं-बटणं करणारी ताई डबा घेऊन आली आणि झाडाला टेकून उभ्यानेच जेवू लागली. घास तोंडाशी, डोळे मात्र मिटत चाललेले. सकाळी आठपासून दिव्याखाली मान घालून काजं करायची, मधे सुट्टी अर्धा तास.

"ताई, बस की," मामा म्हणाले.

"पाटी आहे ना, मामा."

"रंग कधीच वाळलाय. पाटी राहिली." मग त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. म्हणजे त्यांच्या हिशेबाने खाली; दवाखान्यात ऐकू गेलंच असेल. "असं कर, पाटी उचल, बाकाखाली सरकव, बस. जाताना परत टांगून जा. रोज तुझ्यासाठी लावून ठेवतो. पण कुणाला सांगू नकोस हं. ही पाटी फक्त तुझ्यासाठी."

ताई बसली, चार घासांत जेवण उरकलं आणि वीस मिनिटं बसल्या बसल्या अशी झोपली, की मामांनी पाण्याची नळीसुद्धा बंद ठेवली.

मामांना त्यात गोडी लागली. महिनाभरात लिफ्टमन निवृत्त होऊन नुसते आजोबा झाले. त्यांच्या गुडघ्यांना आठचं ऊन हवं होतं. मामा त्यांच्या कानाशी लागले, "ही पाटी फक्त तुमच्यासाठी." लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला होता. घरी सराव केला की वरचे, खालचे, शेजारचे, तिघेही भिंती ठोकायचे. त्याला मामांनी दुपारी तीनची वेळ आणि बँकेची भिंत दिली. "फक्त तुझ्यासाठी, बरं का." आणि साडेचारला यायची जुळ्यांची आई. तिची दोन पिल्लं चार भिंतींत झोपायची नाहीत. झाडाखाली आणली, की आधी एक, मग दुसरं, पाच मिनिटांत थंड. तिलाही तेच सांगितलं. चौघांच्या चार वेळा, कुणी कुणाला कधी भेटायचं नाही. नाटकात एकाच दारातून चार पात्रं आत-बाहेर करावीत आणि एकाचा पायरव दुसऱ्याला कळू नये, तसं मामांनी ते तीन वर्षं बिनबोभाट चालवलं. प्रत्येकाला वाटायचं, मामांचा सगळ्यात लाडका मीच.

आणि मग पत्र आलं. पत्र म्हणजे तक्रार. कुणा जागरूक नागरिकाने उद्यान खात्याला लिहिलं होतं: "सदर बागेतील एका बाकाचा रंग गेली तीन वर्षे ओला आहे. मी स्वतः वेळोवेळी पाटी वाचली आहे. हा कोणत्या प्रकारचा रंग आहे, याची चौकशी व्हावी."

मुकादम ते सांगायला मुद्दाम आला. मामांपेक्षा वयाने लहान, पण छातीला लावलेल्या पेनामुळे मोठा.

"मामा, हसू नका. खात्यात नवीन अधीक्षक बाई आल्यात. वाचतात बघा सगळं! भांडारातून तीन वर्षांपूर्वी एकच डबा निघालाय. मग रंग कुठून येतो? नाहीतर पाटी खोटी आहे. उद्या बाई स्वतः पाहणीला येणार."

"बरं, आणि पाटी खोटी निघाली तर?"

"तर मोठ्या बागेत. ऑर्डर टाइप होऊन पडलीय. फक्त सही राहिलीय."

मामांच्या मिशीची दोन्ही टोकं खाली आली.

रात्री बाग बंद करून घरी गेले ते न जेवताच बसून राहिले. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत मामींचं शिवणयंत्र. मामी उशांचे अभ्रे शिवायच्या आणि शिवता शिवता बोलायच्या. यंत्र थांबलं तरी बोलणं थांबायचं नाही.

"काय झालं? तोंड का असं सुकलेल्या वाफ्यासारखं?"

मामांनी सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. हे तीन वर्षांत मामींनाही ठाऊक नव्हतं.

"म्हणजे तुम्ही चार-चार जणांना सांगितलंत, फक्त तुझ्यासाठी?" मामींनी सुई वर करून ठेवली. "लग्न ठरल्यावर मलाही असंच काहीसं म्हणाला होतात. आता मला विचार करावा लागेल."

"चेष्टा नको गं. उद्या पाटी खोटी ठरली की गेलो मी कारंज्यापाशी."

"मग खरी करा."

"काय?"

"पाटी म्हणते रंग ओला आहे. रंग ओला असला की झालं. पाटी कशी खोटी ठरेल?"

मामा ताडकन उठले. एकतीस वर्षं संसार केलेल्या बाईकडे त्यांनी नवीनच ओळख झाल्यासारखं पाहिलं. अवजारांच्या खोलीत त्या डब्यातला अर्धा रंग अजून पडून होता. रंग घट्ट झाला असणार, पातळ करायला काय? दुकानं बंद व्हायच्या बेतात. मामींच्या यंत्राशेजारी तेलाची बाटली होती, ती उचलली.

"अहो, ते मशीनचं तेल आहे! रंगात चालतं का?"

"तेल ते तेल," मामा जिन्यातून ओरडले.

रंगावर साईसारखा जाड पापुद्रा धरला होता. मामांनी तो काढला, बाटली रिकामी केली, काठीने घोटून घोटून रंग एकजीव केला आणि मध्यरात्रीच्या आत रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात चौथ्या बाकाच्या पाठीच्या पाचही फळ्या हिरव्यागार करून टाकल्या. पाटी टांगली. दोन पावलं मागे येऊन पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती पाटी खरं बोलत होती. समाधानाने झोपले.

एकच गोष्ट राहिली. त्या पाटीवर विश्वास ठेवायचा नसतो, हे त्यांनी ज्यांना शिकवलं होतं, त्यांना काही सांगायचंच राहिलं.

सकाळी आठ वाजता मामा खोलीमागे ब्रश धूत होते. बाहेर आले तर आजोबा पांढऱ्या शर्टात, पाटी बाकाखाली सरकवून, मान मागे टाकून उन्हात बसलेले.

"आजोबा!" मामांचा आवाज फुटला. "रंग ओला आहे!"

"हो हो, ओला आहे," आजोबा डोळा मारत म्हणाले. "तीन वर्षं झाली वाचतोय."

"अहो, खरंच ओला आहे!"

आजोबांनी उठून पाहायचा प्रयत्न केला. पाठ निघाली, पण चर्र आवाज करत. पांढऱ्या शर्टावर पाच हिरव्या आडव्या रेघा, फूटपट्टीने मारल्यासारख्या.

"मामा, अडतीस वर्षं लिफ्टमधे स्टुलावर बसलो. पाठ टेकायला काही नव्हतं. आज टेकली तर ही दशा." मग खांद्यावरून मागे बघायचा प्रयत्न करत ते म्हणाले, "आणि सूनबाईला काय सांगू? शर्ट नवा आहे."

मामांनी त्यांना हातापाया पडून घरी पाठवलं, बाकावर उमटलेल्या पाठीवरून पुन्हा ब्रश फिरवला आणि ठरवलं, आता फाटकाशीच उभं राहायचं. येईल त्याला आधी थांबवायचं. आणि ते राहिलेही असते. पण पाऊण वाजता, ताई यायच्या आधीच, फाटकातून अधीक्षक बाई आल्या.

चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, काखेत फाईल, पायात नवे बूट. ते चावत असावेत, कारण त्या प्रत्येक पाऊल जरा विचार करून टाकत होत्या. थेट चौथ्या बाकापाशी गेल्या, पाटी वाचली, एक बोट फळीवर टेकवलं. बोट हिरवं झालं.

"ओला आहे," बाई म्हणाल्या.

"ओलाच आहे साहेब. म्हणूनच पाटी," मामा म्हणाले. छातीवरचा धोंडा उतरला.

"मग आजचं ठीक आहे. पण पत्रात तीन वर्षं लिहिलंय." बाईंनी रुमालाने बोट पुसलं. ते पुसलं गेलं नाही. "मी जरा थांबते. तुम्ही इथे खोलीच्या दाराशी उभे राहा. आणि हे बघा, कुणाला काही बोलायचं नाही, कुणाला खुणा करायच्या नाहीत. मला बाग जशी आहे तशी बघायचीय."

आवाज हीच काय ती मामांची मिळकत, आणि तोच जप्त झाला.

एकच्या ठोक्याला ताई आली. कारखान्यातला पांढरा एप्रन अंगावर, डोळ्यांत आधीच झोप. मामांनी डोळे वटारले. ताईने हसून मान हलवली. मामांनी मिशी थरथरवली. ताईला वाटलं, शिंक येतेय. तिने सवयीने पाटी काढली, बाकाखाली सरकवली.

"अहो, ती पाटी..." अधीक्षक बाई पुढे झाल्या.

"असू दे हो, ती माझ्यासाठीच आहे," ताई म्हणाली आणि बसली. डबा उघडला, चार घास, आणि मान मागे.

बाईंनी सावकाश वळून मामांकडे पाहिलं. मामांनी आभाळाकडे.

वीस मिनिटांनी ताई उठली ती चर्र करत. हात मागे नेला, बोटं पाहिली, हिरवी. पण पोटापाण्याचा धंदा कापडाचा. तिने आरडाओरडा केला नाही. एप्रन काढून उजेडात धरला, वास घेतला आणि म्हणाली, "मामा, रंगात मशीनचं तेल कुणी घातलं? हे आठवडाभर वाळायचं नाही." आणि पाटी परत जागेवर टांगून निघून गेली.

"मशीनचं तेल?" बाईंनी विचारलं.

मामा गप्प. बोलायचं नाही, असा हुकूम होता ना!

आता कुणीही अधिकारी असता तर फाईल मिटून निघाला असता. बाई निघाल्या नाहीत. बूट चावत होते, बसायला जागा नव्हती. एका बाकावर धूर, एकाखाली चिखल, एकाला फळी नाही, आणि चौथ्यावर पाटी. त्या अख्ख्या बागेत पाटीवर विश्वास ठेवणारं माणूस तेवढं एकच होतं, आणि ते उभं होतं. शेवटी मामांनी आपली बादली पालथी घालून त्यांच्याकडे सरकवली. बाई बादलीवर बसल्या. बसल्याबरोबर त्यांनी एक बूट हळूच अर्धा काढला, तो मामांना दिसला. मामांनी न पाहिल्यासारखं केलं.

तीनला क्लॅरिनेटवाला आला. या खेपेला मामांनी मागे हात बांधून नुसती मान जोरजोरात आडवी हलवली. क्लॅरिनेटवाल्याने त्याचा अर्थ लावला, की कुणी नाही, सुरू कर. पाटी काढली, बसला, नळी ओठांना लावली. पहिले काही सूर ओबडधोबड आले. मग भिंतीने ते हातात घेतले आणि गोल करून परत पाठवले. रस्त्यावरची बस सिग्नलला थांबली होती, तिच्या खिडकीतून दोन माणसांनी मान बाहेर काढली. दवाखान्याच्या दारात गाल सुजलेला एक माणूस येऊन उभा राहिला आणि गालावरचा हात काढायला विसरला. बाईंच्या मांडीवरच्या फाईलवर बाईंचीच बोटं ताल धरत होती. एक बोट हिरवं.

तो उठला तेव्हा लाल कोटावर पाच हिरव्या रेघा. "मामा! बँडचा कोट आहे हा! उद्या वरात आहे!" मग जरा थांबून त्याने मान वळवून वळवून पाहिलं. "तसं लालावर हिरवं उठून दिसतंय म्हणा."

साडेचारला दुहेरी बाबागाडी ढकलत जुळ्यांची आई येताना दिसली, तेव्हा मामांच्या आधी बाईच उठल्या. एक बूट पायात, एक हातात, अशा धावल्या.

"बसू नका! रंग खरंच ओला आहे!"

"ओळखलं. तुम्ही नवीन दिसता," जुळ्यांची आई प्रेमाने म्हणाली. "अहो, पाटी नुसती लावलेली असते. मामांचं आहे ते. तुम्हीही टेका की, जागा आहे."

"मी उद्यान अधीक्षक आहे!"

"हो का? मग तर बसाच. चेहरा किती दमलाय तुमचा." आणि ती बसली. मांडीवर एक, कुशीत एक. बाई हातात बूट धरून उभ्या राहिल्या. आधी एक पिल्लू झोपलं, मग दुसरं. बाई ओरडण्यासाठी उघडलेलं तोंड हलकेच मिटून परत बादलीवर जाऊन बसल्या.

सहा वाजता मात्र फाटकातून फौज आली. पुढे आजोबा, मागे हिरव्या रेघांचा शर्ट झेंड्यासारखा धरून सूनबाई. कारखाना सुटल्यावर ताई हातात एप्रन घेऊन आली. क्लॅरिनेटवाला कोट घेऊन आला, आणि जुळ्यांची आई अजून तिथेच होती, कारण पाठीला रेघा घेऊन भर वस्तीतून जायचा तिला धीर होईना. सगळे जाब विचारायला आले होते. पण मामांपाशी पोचायच्या आधी त्यांना एकमेकांच्या हिरव्या रेघा दिसल्या.

"तुम्हीही?" ताई आजोबांना म्हणाली.

"मी रोज बसतो. तीन वर्षं. मामांनी पाटी माझ्यासाठी लावलीय," आजोबा म्हणाले.

"तुमच्यासाठी? माझ्यासाठी लावलीय!"

"थांबा थांबा," क्लॅरिनेटवाला म्हणाला. "मला शपथेवर सांगितलंय, फक्त तुझ्यासाठी."

"आणि मला काय वेगळं सांगितलं?" जुळ्यांची आई म्हणाली.

सगळे एकदम मामांकडे वळले.

"वा मामा!" सूनबाईंनी शर्ट हलवला. "आणि मी वेडी, सासरे सकाळी कुठे रमतात म्हणून काळजी करतेय! बाक तरी एक आहे का, की चार जणांना चार सांगितलीत?"

मामांनी आपली टोपी काढली. अधीक्षक बाईंकडे पाहिलं, "बोलू का?" अशा नजरेने. बाईंनी मान हलवली.

"एकच आहे हो," मामा म्हणाले. त्यांचा तो नाट्यगृह भरणारा आवाज अगदी घरात बोलावं एवढा झाला होता. "माणसं चार, बाक एक. काय करू? एकाला दिलं तर तिघांचं जातं. म्हणून सगळ्यांना दिलं. पाटी तीन वर्षं खोटी होती, साहेब. रंग काल लावला. पत्र लिहिणाऱ्याने खरं लिहिलंय. आता तुम्ही ठरवा."

फाटकाशी बस येऊन गेली.

"आणि नाही म्हटलं तरी," आजोबा घसा खाकरून म्हणाले, "तीन वर्षं माझे गुडघे दुखले नाहीत, साहेब. हेही लिहा."

"माझ्या हातून एक काज तिरकं गेलं नाही," ताई म्हणाली.

"तुझं कौतुक पुरे, माझा कोट..." क्लॅरिनेटवाला सुरू झाला आणि ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने "कोट धुता येईल म्हणा" असं वाक्य पुरं केलं.

बाईंनी फाईल उघडली. बराच वेळ लिहीत राहिल्या. खोडलं, परत लिहिलं. मामांना त्यांची मान दिसत होती आणि मानेवरून काही कळत नव्हतं. एकोणीस वर्षं त्या लेखणीच्या टोकाशी लोंबकळत होती.

मग बाईंनी वाचून दाखवलं. "पाहणीच्या दिवशी सदर पाटीवर रंग ओला असल्याचे नमूद होते. पाहणीअंती रंग ओला असल्याचे आढळले. चार नागरिकांच्या पाठीवरून खात्री करण्यात आली. मागील तीन वर्षांबाबत मी काही सांगू शकत नाही, कारण मी या पदावर मागील महिन्यात आले." फाईल मिटली. "बदलीच्या ऑर्डरवर मी सही करणार नाही. पण पाटी मी घेऊन जाणार. सरकारी पाटीने खोटं बोलायचं नाही. यापुढे तर नाहीच."

"आणि बाक, साहेब?" मामांनी विचारलं.

"बाक सगळ्यांचं आहे. सार्वजनिक आहे. राखून ठेवता येत नाही." बाईंनी बूट चढवला, चेहरा वाकडा केला. फाटकापाशी जाऊन त्या थांबल्या आणि क्लॅरिनेटवाल्याला म्हणाल्या, "तीनला असता ना रोज?" उत्तराची वाट न पाहता गेल्या. काखेत फाईल, हातात पाटी.

रंग वाळायला नऊ दिवस लागले. मामांनी फळ्या रॉकेलने पुसल्या, घासल्या, पंख्याने वारा घातला, मामी रोज रात्री विचारायच्या, "वाळला का तुमचा खरेपणा?" त्या नऊ दिवसांत कुणी त्या बाकाकडे फिरकलं नाही. एकदा अनुभव घेतलेल्यांना पाटीची गरज नव्हती.

दहाव्या दिवशी बाक कोरडं खडखडीत झालं आणि मामांना धास्ती बसली. आता राखायला काही नाही. बँकेत आलेला एक गृहस्थ वर्तमानपत्र उघडत त्या बाकाकडे वळलादेखील. मामा नळी टाकून चार पावलं पुढे गेले आणि थबकले. म्हणायचं काय?

तेवढ्यात बारा पन्नासला, जे एरवी सकाळी आठ ते नऊच्या पलीकडे रुमालात दिसायचे नाहीत, ते आजोबा लगबगीने आत आले. गृहस्थाच्या आधी बाक गाठून मधोमध बसले आणि काठी आडवी टाकून दोन्ही बाजू अडवल्या.

"माफ करा हं," आजोबा म्हणाले. "इथे आमची ताई यायचीय. तिचा डोळा लागायची वेळ झाली."

गृहस्थ काहीच न समजून धुराच्या बाकाकडे गेला. एकच्या ठोक्याला ताई आली.

"बस गं, बस. जागा धरून ठेवलीय. सूनबाई म्हणाली, सकाळचं ऊन खाताय ना, मग दुपारचं काम पण करा." आजोबा काठीसकट एका टोकाला सरकले. "तुझ्यानंतर तीनचा येईल, तेव्हा तू कारखान्यात असशील. मग जुळ्यांची आई लवकर येऊन त्याची जागा धरणार आहे. तिने स्वतःहून सांगितलंय. आमचं सगळं ठरलंय."

ताई बसली, डबा उघडला. आजोबा उठायला हवे होते, म्हणजे ताईला झोपता आलं असतं. पण आजोबा उठायचं नाव काढेनात.

"तुला सांगितलं का, आमच्या कचेरीत लिफ्ट पहिल्यांदा आली तेव्हाची गंमत? सात मजले होते. पहिल्या मजल्यावर एक साहेब होते..."

ताईने मामांकडे मदतीसाठी पाहिलं. मामांनी हात जोडून खांदे उडवले. पाटीला गप्प बस म्हणून सांगावं लागत नव्हतं. माणसाचं तसं नसतं. मामा नळी उचलून हाक मारणार होते, "आजोबा, उठा आता." पण त्यांनी पाहिलं, तर तिसऱ्या मजल्यावर पोचेतो ताईचा घास सावकाश झाला होता, चौथ्यावर डबा मिटला होता, आणि पाचव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तिथे ताईची मान मागे गेली होती.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, आवाज आणखी खाली घेतला आणि गोष्ट न थांबवता, कुणीही ऐकत नसताना, सहाव्या मजल्याकडे निघाले.